स्थिर गड, चंचल गुरू

१६०९ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. व्हेनिस नगरातील एका उंच मनोऱ्यावर तेथील वृद्ध सरदार मोठ्या उत्सुकतेने चढले. गॅलिलिओ नावाच्या अध्यापकाने स्वतः तयार केलेली दुर्बीण त्यांना पाहावयाची होती. नुसत्या डोळ्यांना जी गलबते दोन तासांनी दिसावयाची, ती त्या दुर्बिणीतून आधीच दिसू लागली. पुढे १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने आपली दुर्बीण गुरू ग्रहाकडे वळविली आणि त्याभोवती फिरणारे चार चंद्र शोधून काढले. भूमीवरील वस्तू पाहणारे साधन असे आकाशाकडे वळले.

परंतु या दोन दर्शनांत एक मोठा भेद आहे. समजा, पुण्यातील एका गच्चीवर आपण शंभरपट मोठे दाखविणारी दुर्बीण मांडली आहे. सकाळी, हवा तापण्यापूर्वी, आपण तिचे तोंड सिंहगडाकडे वळविले. गडावरील मनोरा स्पष्ट दिसला. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले, तरी मनोरा जेथल्या तेथेच! रात्री तीच दुर्बीण गुरूवर रोखली. त्याचे चंद्र दिसले; पण मित्राला हाक मारून बोलावीपर्यंत गुरू कडेला सरकला आणि दिसेनासा झाला.

गुरू पळाला काय? नाही; वळलो ते आपण. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते, म्हणजे चार मिनिटांत सुमारे एक अंश वळते. दुर्बिणीत तर आकाशाचा जेमतेम अर्ध्या अंशाचा तुकडा दिसतो. म्हणून मधोमध आणलेला गुरू मिनिटाभरातच बाहेर जातो. गड मात्र आपल्याबरोबरच फिरत असतो. एकाच नावेतील प्रवासी एकमेकांस स्थिर दिसतात, काठावरची झाडे तेवढी मागे सरतात. तसेच हे आहे.

यावर उपाय एकच. पृथ्वी जितकी पूर्वेकडे वळेल, तितकीच दुर्बीण पश्चिमेकडे वळविली पाहिजे. त्यासाठी दुर्बीण ज्या आसावर फिरते, तो पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवतात. पुण्यात हा आस क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंश उचलून ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखावा लागतो. जर्मन कारागीर फ्राउनहोफर याने १८२४ मध्ये डोरपाटच्या वेधशाळेसाठी केलेली दुर्बीण वजनांवर चालणाऱ्या घड्याळी यंत्राने अशी फिरत असे. आज हेच काम लहानशी विजेची मोटार करते. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे २००६ साली सुरू झालेल्या वेधशाळेत दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. तिचा एक आस उभा व दुसरा आडवा आहे. म्हणून दोन्ही आसांची बदलती गती संगणक ठरवितो.

आता आपल्या गच्चीवरील दुर्बिणीची मोटार चालू ठेवून पुन्हा सिंहगडाकडे पाहा. या वेळी मनोराच सरकून नाहीसा होईल! म्हणून भूमीवरील वस्तू पाहताना मोटार बंद ठेवावी व आकाशातील वस्तू पाहताना ती चालू करावी. मोटारीमुळे दुर्बिणीची दृष्टी वाढत नाही. पृथ्वीच्या गतीची भरपाई तेवढी होते.

मुलांनो, कधी दुर्बीण हाती आली, तर सूर्याकडे तिने मुळीच पाहू नका. क्षणात दृष्टी जाईल. रात्री मात्र गुरू मधोमध आणा, क्षणभर मोटार थांबवा आणि तो सरकताना पाहा. आपण ज्या पृथ्वीवर निश्चल उभे आहोत असे समजतो, तिचे फिरणे तुम्ही त्या वेळी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहत असाल.

स्वाध्याय
१. दुर्बिणीतून सिंहगड स्थिर का दिसतो व गुरू का सरकतो?
२. मोटार चालू असता गडावरील मनोरा का सरकतो, ते आपल्या शब्दांत लिहा.