जागा मोजक्या की वाढत्या?

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीसाठीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलरची फी लावली आणि पालकांचा एकच प्रश्न सुरू झाला: पोरांना आता एमएसला पाठवायचं की नाही? काळजी खरी आहे. पण व्हिसाच्या आधी एक गोष्ट पाहायला हवी. मूल ज्या क्षेत्रात चाललंय, तिथे जागा मोजक्या आहेत की वाढत्या?

सोव्हिएत युनियन कोसळल्यावर तिथले अव्वल गणितज्ञ अमेरिकेत आले. विद्यापीठांतल्या जागा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. सोव्हिएत गणित ज्या शाखांत बळकट होतं, त्या शाखांतल्या अमेरिकी गणितज्ञांचे शोधनिबंध घटले आणि कित्येकांना कमी दर्जाच्या विद्यापीठांत जावं लागलं. बोर्जास आणि डोरन या अर्थशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये हे आकडेवारीने दाखवलं. याच्या उलट, 1930 च्या दशकात नाझी जर्मनीतून ज्यू रसायनशास्त्रज्ञ आले, तेव्हा त्यांच्या विषयांत अमेरिकी पेटंट वाढली, कारण स्थानिक तरुण संशोधकही त्या विषयांकडे वळले.

सॉफ्टवेअरचं पारडं वाढत्या जागांच्या बाजूला झुकतं. 2001 ते 2003 मध्ये वर्षाला 1,95,000 एच-वन-बी व्हिसांची मुभा होती, 2004 पासून ती 65,000 वर आली. पुढे अमेरिकेत मास्टर्स किंवा पीएचडी केलेल्यांसाठी 20,000 वाढले. बाहेरच्या माणसांमुळे तिथल्या प्रोग्रामरांचे पगार थोडे दबले, पण उद्योगही फोफावला. आपल्याकडे अमेरिकेच्या आशेने कॉम्प्युटर शाखेला गर्दी झाली. त्यातले बरेच जण गेलेच नाहीत, काही परत आले, आणि हिंजवडीसारख्या ठिकाणचा आयटी उद्योग अशाच माणसांच्या बळावर वाढला.

म्हणून मूलभूत विज्ञानाकडे ओढा असलेल्या मुलांना मी स्पष्ट सांगते: विद्यापीठातल्या नोकरीला एच-वन-बीची मर्यादा आणि त्यासाठी निघणारी लॉटरी लागू नाही, पण तिथली कायमची पदं फार थोडी. पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं, त्यामुळे कर्जाचं ओझं नसतं. एमएसचा खर्च मात्र बहुतेकदा घरातूनच होतो.

इंजिनिअरिंगवाल्यांना शिक्षणानंतर ओपीटीची, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याची, तीन वर्षं मिळतात. तेवढ्यात लॉटरीत नंबर लागला तर ठीक. व्हिसावर असताना नोकरी गेली, तर नवी शोधायला साधारण 60 दिवस. अमेरिकेतच शिकून तिथल्या तिथे व्हिसा बदलणाऱ्यांना ती मोठी फी लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबर 2025 मध्ये झाला. तरी शिक्षण पूर्ण होईपर्यंत नियम हाच राहील, असं धरून चालू नका.

एमएसच्या कर्जासाठी घर तारण ठेवण्याआधी बँकेत बसून कर्जाचा हप्ता काढून घ्या. तो पुण्यातल्या पहिल्या पगारातून फिटतो का, हे मुलासमोरच कागदावर मांडा. फिटत नसेल, तर दोन वर्षं इथे नोकरी करून, थोडे पैसे गाठीला बांधून मग जाण्यात काहीच बिघडत नाही.