रिव्हॉल्व्हर साफ केल्यानंतरची जुळणी

ऊस विकास खात्याने रिव्हॉल्व्हरवर लिहावे हे नवलाचे वाटेल. परंतु प्लॉट पाहणीला गेलो की हा प्रश्न आम्हाला अधूनमधून येतोच. काही सभासद ऊस गावी ठेवून मुलांकडे पनवेलला राहतात, परवान्याचे हत्यारही बरोबर असते. निवडणुकीत ते पोलिस ठाण्यात जमा होते, परत मिळते तेव्हा धूळ नि गंज धरलेले असते. मग घरीच साफसफाई निघते.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत सिनेनट गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायात शिरली. म्हणून काडतुसे आधी मोजून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. जुळणी आणि तपासणी संपेपर्यंत ती बाहेर काढू नयेत.

येथे आम्ही कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या ०.३२ बोअरच्या, बिजागरीवर मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरबद्दल सांगतो. सिलिंडरच्या सहाही घरांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. नळीतूनही मागच्या बाजूने पाहा. चिंधीचा तुकडा आत राहिला तर पुढची गोळी नळी फाडते. नळीत व घरांत ओले तेल ठेवू नये, कोरडे पुसावे.

उघडताना काडतुसे वर ढकलणारी एक चांदणी असते. तिच्याखाली कचऱ्याचा कण किंवा धागा राहिला तरी ती पुरती बसत नाही आणि सिलिंडर घासतो. बरेचजण इथेच जोर लावतात. जोर लावू नका, पुन्हा उघडून ब्रश फिरवा. मिटवतानाही सिनेमातल्यासारखा एका हाताने झटका देऊ नये. दोन्ही हातांनी हळू मिटवून वरची खिट्टी पूर्ण बसली का ते पाहावे. अर्धवट बसली तर बार होताना हत्यार हातातच उघडू शकते.

आपल्या कारखान्यात मिल जुळवल्यावर लगेच ऊस टाकत नाहीत, आधी रिकामी फिरवतात. तसेच इथे करावे. घरे रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून, तोंड वाळूच्या पोत्याकडे धरून घोडा ताणावा व चाप ओढावा. फ्लॅटच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका, पलीकडे शेजाऱ्याची खाट असते! प्रत्येक घर नळीसमोर येऊन घट्ट थांबले पाहिजे. सिलिंडर डुलला, किंवा चापाला हात न लावता घोडा सुटला, तर वापर तिथेच बंद.

बाजूचे स्क्रू काढून आतल्या स्प्रिंगा घरी काढू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. फवारणी पंप जुळवताना एखादा वायसर उरला तर औषध गळेल एवढेच. इथे उरलेला तुकडा जिवावर बेतू शकतो. ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचे. त्याच्याकडे नेताना हत्यार रिकामे, काडतुसे घरी आणि मूळ परवाना खिशात असावा.

जाता जाता आणखी एक. पनवेल हे नवी मुंबई पोलिस आयुक्तालयात येते. मुक्काम कायमचा हलविला असेल तर तिथे कळवून परवान्यावर नवा पत्ता नोंदवून घ्यावा.