न दुखणाऱ्या पायाची राखण

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला मी का आले नाही, असे सरांनी विचारले तेव्हा "घरी अडचण होती" एवढेच सांगून मी मोकळी झाले. ती अडचण म्हणजे माझ्या वडिलांचा उजवा पाय.

अण्णा धान्यबाजारात हमाली करतात. मधुमेह जुना. फळीचा खिळा चपलेतून करंगळीच्या बुडाशी घुसला आणि त्याच पायाने त्यांनी दोन दिवस पोती वाहिली. दुखलेच नाही, म्हणून कळलेही नाही. आईला वास आला तेव्हा जखम दिसली. अखेर करंगळी काढावी लागली. डॉक्टरांचे काम तासाभरात झाले. पुढचे अडीच महिने त्या पायाची राखण आम्हा घरच्यांकडे होती, आणि ती कशी करावी हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

घरी सोडताना मिळालेला कागद इंग्रजीत होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, तेव्हा तो मोठ्या विश्वासाने माझ्या हाती आला. 'पाय उंच ठेवावा' असे त्यात होते. मी अण्णांना खुर्चीत बसवले, समोर पाटावर पाय ठेवला आणि अर्थ बरोबर लागल्याचे समाधान मानले. चौथ्या दिवशी पट्टी बदलताना सूज पाहून नर्सबाई रागावल्या. उंच म्हणजे जमिनीपासून नव्हे, हृदयाच्या पातळीहून उंच! तेव्हाच पायात साचलेला द्रव उतरणीला लागतो, सूज ओसरते आणि टाक्यांवरचा ताण कमी होतो. मग अण्णांना आडवे करून पोटरीखाली उशा दिल्या. टाच मात्र अधांतरी ठेवायची. ती सारखी गादीवर टेकून राहिली तर तिथे नवीनच जखम होते. (ज्यांच्या पायाला रक्तपुरवठाच कमी आहे त्यांना इतका उंच पाय सोसत नाही, म्हणून हे डॉक्टरांना विचारूनच करावे.)

दुसरी चूक याहून मोठी. 'पायावर भार देऊ नये' याचा अर्थ आम्ही 'फार चालू नये' असा घेतला. मोरीपर्यंत टाच टेकवत जायला काय हरकत, असे अण्णा म्हणत आणि मलाही ते पटे. परंतु जखमेच्या कडा जुळू पाहत असताना प्रत्येक पाऊल त्यांना पुन्हा ओढून सुटे करते. एक टाका उसवला तेव्हा आम्ही भानावर आलो आणि भाड्याने कुबड्या आणल्या. त्यानंतर सगळा भार डाव्या पायावर आला आणि आठवड्याभरात त्याच्या चवड्यावर फोड उठला. आम्ही सारे उजव्या पायाकडे पाहत बसलो होतो.

याचे मूळ मला ग्रंथालयात सापडले. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. १९४६ पासून त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की, संवेदना गेल्यामुळे नकळत होणाऱ्या इजांनी ती झिजतात. झोपेत उंदीर बोटे कुरतडत तरी रोग्याला जाग येत नसे, म्हणून रोग्यांना मांजरे पाळायला दिली गेली! मधुमेहाने बधिर झालेल्या पायाची गत तीच. जे काम वेदनेने करायचे ते घरच्यांच्या डोळ्यांनी करावे लागते.

म्हणून रोज रात्री मी दोन्ही पाय पाहते. तळव्यासाठी आरसा धरते. लाली, वाढती सूज, ऊन लागणारी कातडी, पू, वास किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तरीही तसेच. रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. आजी जखमेत हळद भरायला निघाली होती. तिच्याशी भांडताना मला फार वाईट वाटले, पण भांडले. थंडीत शेगडीजवळ पाय नेणे बंद केले, कारण भाजले तरी कळणार नाही. जखम भरल्यावरही पाणी आधी कोपराने पाहायचे, पाय भिजत ठेवायचे नाहीत, बोटांच्या बेचक्या कोरड्या टिपायच्या. टाचेला तेल चालते, बेचक्यांत नाही.

टाके निघाले त्याच दिवशी अण्णा कामाची भाषा बोलू लागले. त्यांचे तरी काय चुकले? हमालाला बसल्या जागी मजुरी कोण देतो? पण वरून मिटलेली कातडी आतून कच्ची असते. तिला बळ यायला महिने लागतात, आणि पूर्वीइतके ते कधीच येत नाही. घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी आईने कानातले गहाण ठेवले आणि तो वाद मिटवला.

आता अण्णा बाजारात पोती मोजायला बसतात. मऊ रबरी तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घालतात आणि घालण्यापूर्वी ती उलटी करून झटकतात. चतुर्थीला अनवाणी देवळात जाण्याचा नेम मात्र अजून सुटत नाही. त्यावर आमचे भांडण चालू आहे. परवा परीक्षेच्या अभ्यासात मी पाय पाहायला विसरले. साडेदहाला अण्णाच आरसा घेऊन माझ्या वहीशेजारी येऊन बसले.