नव्या लॅपटॉपवर सेव्हन टाकण्याआधी

चि. मुक्ता हिस,


बाबांचं डीटीपीचं काम तू पुढे चालवणार आहेस हे कळलं आणि फार बरं वाटलं. पण नव्या लॅपटॉपमधलं विंडोज ११ काढून सेव्हन टाकायचं तू म्हणते आहेस, ते मला पटत नाही. तुझी अडचण खरी आहे. बाबांचे दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका सगळं पेजमेकरमध्ये आहे आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. ती अकरावर कुरकुरणारच. पण त्यासाठी अख्खं मशीन मागे न्यायची गरज नाही.

सेव्हन आलं २००९ मध्ये. तुझ्या लॅपटॉपचे अर्धे भाग त्यानंतरचे आहेत. जुन्या बायोसची सोय इंटेलने २०२० च्या सुमारास बंद करत आणली. सेव्हनला पडद्यावर चित्र उमटवायला ती लागते, म्हणून ते बहुधा सुरुवातीच्या लोगोवरच अडकेल. पुढे सरकलंच तर भाषा निवडायची खिडकी उघडेल आणि बाण जागचा हलणार नाही. टचपॅड ओळखीचा नाही, माउस लावावा तर यूएसबी ३ चा ड्रायव्हर सेव्हनकडे नाही. तो घातलास की डिस्क दिसत नाही, कारण नव्या एनव्हीएमई डिस्कचाही ड्रायव्हर नाही. इतकं सगळं करून चालू झालं तरी वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर आणणार कुठून?

आणि सेव्हनचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअर पसरला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती घातली नव्हती त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. सेव्हनला तर आता दुरुस्ती येतच नाही, आणि तू त्यावरच गिऱ्हाइकांची ईमेल उघडणार, यूपीआयचे पैसे बघणार. ओळखीचा मुलगा स्वस्तात टाकून देतो म्हणतोय, त्याच्याकडची कॉपी क्रॅक केलेली असेल तर तिला हातही लावू नकोस.

मग काय करायचं? अकरा तसंच राहू दे आणि त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाक. फुकट आहे. त्याच्या आत ३२ बिटचं सेव्हन बसव, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर सेव्हनला दोन जीबी पुरे. परवाना मात्र रीतसर हवा. बाबांच्या कपाटात सेव्हनचा विकत घेतलेला खोका आहे का बघ. आतल्या मशीनचं नेटवर्क बंद ठेव. फाइल शेअर्ड फोल्डरमधून आत ने, पीडीएफ करून बाहेर आण, मेल अकरावरून कर. सगळं जमलं की स्नॅपशॉट घे. उद्या काही बिघडलं तर एका क्लिकवर आजच्या स्थितीला येता येईल.

मराठी फॉन्टच्या डोंगलचं, म्हणजे ज्या किल्लीशिवाय ते फॉन्ट चालत नाहीत तिचं, आधी बघ. यूएसबीचा असेल तर व्हर्च्युअलबॉक्स तो आत देऊ शकतं. जुना, प्रिंटर पोर्टला लावायचा असेल तर लॅपटॉपला तो पोर्टच नाही. अशा वेळी बाबांचा पीसी मोडीत काढू नकोस, नेट न जोडता तेवढ्या कामापुरता ठेव.

बायोसमध्ये सिक्युअर बूट वगैरे कोणी बदलायला सांगितलं, तर त्याआधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की वहीत उतरवून घे. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, कोणी सांगत नाही, आणि असा बदल केल्यावर ती की मागते. की नसेल तर डेटा गेला.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. त्या जुन्या फाइलींत मराठी अक्षरं नाहीतच. इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत, फॉन्टमुळे ते आपल्याला मराठी दिसतात. फॉन्ट गेला की मजकूर गेला. म्हणून नवं काम पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच कर आणि जुन्यातलं जे परत छापायचं असेल ते थोडंथोडं युनिकोडमध्ये आण. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर विसंबून छपाईला पाठवू नकोस. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफाराचं नेमकं उलट. म्हणून जोडाक्षरावर वेलांटी आली की ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. ‘स्थिती’, ‘कीर्ती’, ‘आर्थिक’ असे शब्द डोळ्यांत तेल घालून वाच. बाबांना शेजारी बसव. प्रुफं वाचण्यात त्यांचा हात धरणारा माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यांनाही ते आवडेल.

या आठवड्यात एवढंच कर: जुन्या पीसीतल्या सगळ्या फाइली, फॉन्टच्या फोल्डरसकट, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी कर आणि त्यातली एक तुझ्या ताईच्या घरी ठेव. डोंगलचा फोटो मला पाठव. रविवारी सकाळी मोकळा आहे, फोन कर. व्हर्च्युअलबॉक्स आपण मिळून बसवू.

तुझा,
मामा