ट्रॅक्टरचा अल्टरनेटर : खोलणी आणि तपासणी

ऊसतोडीच्या हंगामात मुदखेड परिसरातील ट्रॅक्टर रात्री-अपरात्री अर्धापूर तालुक्यातील भाऊराव चव्हाण साखर कारखान्याकडे ऊस घेऊन जातात. अशा वेळी बॅटरी उतरली आणि दिवे मंदावले, तर भरलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही. त्यामुळे अल्टरनेटरकडे हंगाम सुरू होण्यापूर्वीच लक्ष द्यावे. आपल्याकडे यालाही सर्रास 'डायनॅमो'च म्हणतात. मात्र जुना डायनॅमो इंजिन मंद चालत असता बॅटरी फारशी भरत नसे. अल्टरनेटर ते काम करतो.

शेतकरी बंधूंनो, दिवे मंद झाले की लगेच पाना हाती घेऊ नये. प्रथम पट्टा पाहावा. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण १० ते १२ मि.मी. दबावा. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी बुरशी साफ करावी. नंतर मल्टिमीटर बॅटरीला लावावा. इंजिन बंद असता चांगली बॅटरी सुमारे १२.५ व्होल्ट दाखवते. इंजिन मध्यम वेगाने चालू असता १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. आकडा वाढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे; अशा बॅटरीतील पाणी वरचेवर आटते. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग पाहण्याची' पद्धत गावोगावी आहे. तिने चांगले डायोडही जळतात, म्हणून ती सोडून द्यावी.

दोष आतच आहे अशी खात्री झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी. मागील वायरींना खुणेच्या चिठ्ठ्या बांधाव्यात व अल्टरनेटर उतरवावा. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये कार्बन ब्रश व रेग्युलेटर मागील बाजूस दोन स्क्रूंवर बसवलेले असतात. ते काढून ब्रश पाहावेत. होल्डरबाहेर ५ मि.मी.पेक्षा कमी उरले असतील तर बदलावेत. अनेकदा दुरुस्ती इथेच संपते आणि पूर्ण नवा अल्टरनेटर घेण्याचा खर्च वाचतो.

ब्रश ठीक असतील तरच पुढे खोलावे. दोन्ही झाकणांवर व मधल्या भागावर एक सरळ रेघ ओढावी, म्हणजे जोडताना चूक होत नाही. पुलीला जुना पट्टा गुंडाळून ती व्हाइसमध्ये धरावी आणि नट सोडवावा. लांब बोल्ट काढल्यावर झाकणे हलक्या हाताने सुटी करावीत. सोयाबीनच्या मळणीचा भुसा आत गच्च बसलेला आढळतो. तो हवेने व कोरड्या ब्रशने काढावा. रोटर व स्टेटर डिझेलमध्ये बुडवू नयेत.

रोटरच्या दोन तांब्याच्या कड्यांमधील रोध बहुधा २.५ ते ५ ओहम असतो. कडी व शाफ्ट यांमध्ये मात्र जोड दिसता कामा नये. कड्या काळ्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने पुसाव्यात. स्टेटरच्या तारा व लोखंडी अंग यांतही जोड नसावा. जळका वास किंवा काळे पडलेले वेटोळे दिसल्यास मीटरची गरजच नाही. रोटरवर चकचकीत घासल्याच्या खुणा असतील तर बेअरिंग गेलेले आहे. ते बोटाने फिरवून पाहावे. खरखर लागली की बदलावे.

डायोड एकाच दिशेने वीज सोडतो. मल्टिमीटरची टोके उलटसुलट लावून दोन्ही वेळा वाचन मिळाले तर तो शॉर्ट आहे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर सकाळी कोमट लागणे हीदेखील त्याचीच खूण. डायोडचे सोल्डरिंग मात्र जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे, कारण जास्त उष्णतेने नवा डायोडही निकामी होतो. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असताना वेल्डिंग करायचे झाल्यास बॅटरी व अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडाव्यात.

जोडणी झाल्यावर पुली हाताने मोकळी फिरते का पाहावे. बॅटरी जोडताना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पुन्हा एकदा तपासावे. चावी फिरवताच लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मग पुढचे दिवे व ट्रॉलीचा मागचा दिवा लावून मध्यम वेगात पुन्हा व्होल्ट मोजावेत. ते १३.५ च्या खाली येऊ नयेत.