जरी खरी की खोटी? शोऱ्याच्या तेजाबाची परीक्षा

जुन्या पैठण्या, बनारसी साड्या व शेरवान्यांची जरी विकत घेणारे फेरीवाले आजही मोहल्ल्यात येतात. चांदीचा भाव चढला की त्यांच्या फेऱ्याही वाढतात. खरी जरी म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार व तिच्यावर सोन्याचा पातळ मुलामा. खोट्या जरीत तार तांब्याची, चांदी नुसती वरवर. तिसरी प्लास्टिकची, ती काडी लावताच वितळून गोळी होते, तिला तेजाबाची गरज नाही. पहिल्या दोहोंतला फरक मात्र नजरेला सहसा कळत नाही.

तो तेजाबाने कळतो, पण कोणत्याही तेजाबाने नव्हे. संडास धुण्याचे ॲसिड म्हणजे मिठाचे तेजाब. जस्त व लोखंड त्यातील हायड्रोजनला हुसकावून त्याची जागा घेतात व विरघळतात. बुडबुडे दिसतात ते त्या हायड्रोजनचे. तांबे व चांदी यांच्यात एवढा जोर नाही. त्यांना शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड लागते. ते धातूचे इलेक्ट्रॉन खेचून घेते, धातू विरघळतो व तांबूस धूर निघतो. सोने त्यालाही दाद देत नाही.

इथेच आम्ही एकदा फसलो. जुन्या काठांचा एक गठ्ठा घेताना तेजाबाचा थेंब टाकला, धूर निघाला, माल खरा समजून चांदीच्या हिशेबाने रोख पैसे मोजले. गलाईवाल्याकडे गाळल्यावर बहुतेक तांबेच निघाले. धूर दोन्ही धातूंचा सारखाच असतो, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. विकणाऱ्यास ठाऊक होते की नाही, अल्लाह जाणे.

धुरानंतर काय उरते ते पाहावे. प्रथम जरी जाळून धागा काढून टाकावा, कारण रेशीम या तेजाबात पिवळे पडते व रंग ओळखू येत नाही. उरलेली तार पातळ तेजाबात विरघळवावी. पाणी गर्द निळे-हिरवे झाले तर तांबे. फिकट निळसर झाक खऱ्या मालातही येते, कारण चांदीत थोडे तांबे मिसळलेले असते. मग मिठाचे पाणी घालावे. चांदी असेल तर दह्यासारखा पांढरा साका बसतो, उजेडात तो काळवंडतो. नुसता दुधी ढग आला तर चांदी मुलाम्यापुरतीच समजावी. पातळ करण्यास बॅटरीचे पाणी घ्यावे. नळाच्या पाण्यात क्लोराइड असते, त्यानेच ढग येतो व खोटा माल खरा वाटतो. साका धुऊन, वाळवून तोलल्यास त्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ७५ ग्रॅम चांदी धरावी. फेरीवाल्याने सांगितलेला आकडा याच्याशी ताडून पाहावा.

हा उद्योग घरात मात्र करू नये. तांबूस धूर छातीत गेला तर त्रास काही तासांनीही उठतो, तोवर माणूस बरा असल्याच्या भ्रमात राहतो. तेजाब पाण्यात ओतावे, पाणी तेजाबात कधीही नाही. शिवाय २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तेजाबाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. दुकानदाराला खरेदीदाराचे नाव-पत्ता नोंदवावे लागते व ओळखपत्र पाहावे लागते. आमच्या मते गलाईवाल्याला मजुरी देऊन, स्वतः जवळ उभे राहून, दोन-तीन ग्रॅमचा नमुना तपासून घ्यावा. नमुना एकाच काठाचा नको; गठ्ठ्यात वर एक व आत दुसरे, असेही आम्ही पाहिले आहे.