खुर्चीतून चेंडू टाकताना

मावळातला एक तरुण जांभळाच्या झाडावरून पडला. मानेच्या मणक्याला मार लागून पाय कायमचे गेले, हातांतही जोर थोडाच उरला. तो माझा पेशंट. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे त्याला चार महिने घरकोंडी. ‘डॉक्टर, दिवस जात नाही,’ म्हणायचा आणि मी झोपेच्या गोळ्या लिहून द्यायचो! खेळाचे मला सुचलेच नाही.

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या महिलांनी लॉन बोल्समध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हा हा खेळ अनेकांना प्रथमच कळला. हिरवळीवरच्या लहान चेंडूजवळ आपला गोळा घरंगळत न्यायचा, आपल्या गोट्यांचा थोरला भाऊच म्हणा ना. त्याच स्पर्धेत अपंग व दृष्टी अधू असलेल्या खेळाडूंचेही सामने झाले. वाकता येत नसेल त्याला गोळा धरून सोडणारा लांब दांडा वापरता येतो. खुर्चीची चाके रुंद असतात, म्हणजे हिरवळ खचत नाही. दिसत नसेल त्याला सोबती घड्याळाच्या आकड्यांवरून गोळ्याची जागा सांगतो.

पण हिरवळ हवीच असेही नाही. याच जातीचा ‘बोचा’ हा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि तो शाळेच्या सभागृहातही खेळता येतो. चेंडू पावणेतीनशे ग्रॅमचा. तो फेकता येत नसेल तर उतरत्या पन्हळीतून सोडायचा. पन्हळ हलवणाऱ्या मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचे, असा नियम आहे. नेम खेळाडूचाच! आपल्याकडे घरची माणसे मायेपोटी नेमसुद्धा स्वतःच धरतात.

आम्ही चार इंची प्लास्टिकचा पाइप उभा चिरून पन्हळ केली. पहिल्याच दिवशी गडी रंगून दोन तास खेळला. दुसऱ्या दिवशी बैठकीवर लाल चट्टा, पुढे जखम, आणि महिनाभर पालथे झोपणे. आधी बजावायला मी हवे होते.

संवेदना नसलेल्या माणसाला दर पंधरा-वीस मिनिटांनी मिनिट-दोन मिनिटे पुढे किंवा बाजूला झुकवून बैठकीवरचा भार काढावा. खाली चांगली गादी हवी. रात्री कातडी पाहावी. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या भागावर बसू देऊ नये. अशा माणसाला घामही नीट येत नाही, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात खेळ नको.

आणखी एक, हे कापून ठेवलेत तरी चालेल. मान किंवा छातीच्या वरच्या भागाची इजा असलेल्याचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब भडकलेला असू शकतो. बहुधा लघवीची नळी मुडपलेली किंवा पिशवी भरलेली असते. त्याला आडवे करू नका. ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी पाहा. काही मिनिटांत उतार पडला नाही तर थेट रुग्णालयात न्या.

जखम भरल्यावर तो पुन्हा खेळू लागला. आता दर वीस मिनिटांनी त्याची आई ओट्यावरून हाक मारते, ‘वाक रे!’ परवा मी त्याच्याशी तीन डाव खेळलो. तिन्ही हरलो.